शरयूताई आणि महिनाभर आधी आलेले पाहुणे

शरयूताई देवस्थळी यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने बरबटलेले होते. विद्यापीठाजवळच्या मुनिरका गावाच्या बस थांब्यावर पदर खोचून त्या खांबाला एक कागद चिकटवत होत्या. मला उदगीरहून दिल्लीला शिकायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि त्या आठवड्यात माझ्या कानावर मराठीचा एक शब्द पडला नव्हता. कागदावरची कार्यक्रमांची यादी हिंदीत होती, पण मथळा मराठी होता : ‘येता पंधरवडा’. मी नकळत तो मोठ्याने वाचला. बाईंनी वळूनही न पाहता सांगितलं, “मराठी आहेस ना? मग वरचं टोक दाबून धर.” नाव-गाव त्यांनी नंतर विचारलं, काम आधी लावलं. त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येकाची सुरुवात साधारण अशीच झाली असणार, हे या गौरवग्रंथाचे वाचक मान्य करतील.

ताई आमच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. सांस्कृतिक समिती त्यांच्याकडे आली ती, ते लोढणं दुसरं कुणी गळ्यात बांधून घेईना म्हणून. ताईंनी त्या लोढण्याची माळ केली. दर शुक्रवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या सभागृहात त्यांनी काही ना काही घडवलं. एका शुक्रवारी सतार, पुढच्या शुक्रवारी मधमाश्यांवर व्याख्यान, त्यानंतर आसामी मुलींचं नृत्य. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका नाही, पहिली रांग कुणासाठी राखीव नाही. आणि कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला. प्रमुख पाहुणे वाटेत अडकले तर ताई स्वतः उभ्या राहून आवारातल्या एखाद्या झाडाविषयी बोलत. सेमल, म्हणजे आपली काटेसावर, कधी फुलतो हे मला आजही सांगता येतं, त्याचं श्रेय दिल्लीच्या वाहतुकीला आहे.

आर. के. पुरममधलं त्यांचं सरकारी घर म्हणजे या शुक्रवारांचं स्वयंपाकघर. यजमान देवस्थळीकाका केंद्र सरकारात अधिकारी होते, पण आमच्या लेखी ते पोह्यांचे अधिकारी. वादक असोत की वक्ते, त्यांच्या हातचे पोहे खाल्ल्याशिवाय कुणाची सुटका नसे. त्याच घरात रविवारी ताई दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांची नाटुकली बसवत. एकदा एका मुलीला “आई परसात आहे” असं वाक्य होतं. तिने विचारलं, “ताई, परस कौनसे सेक्टर में आता है?” ताई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला हाताला धरून मागच्या दारी नेलं, तिथल्या कढीलिंबापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, “हे. इथे सेक्टर संपतो.”

माझ्यावरचं त्यांचं ऋण मात्र मुनिरकातल्या एका खोलीचं आहे. मी पाहिलेल्या खोल्या माझं नाव सांगितलं की अचानक भरलेल्या निघत. ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्याबरोबर आल्या. मकानमालकीण म्हणजे सगळी गल्ली जिला अम्माजी म्हणे ती धिप्पाड हरयाणवी बाई. मला न्याहाळून ती म्हणाली, “मैडम, या थारी के लागै सै?” ही तुमची कोण लागते? ताईंनी आपल्या ठणठणीत मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं, “लड़की मेरी है. नाम उसका अपना है.”  अम्माजीने आत जाऊन ताकाचे दोन पेले आणले, आणि मला खोली मिळाली.

ताक पिऊन उठताना ताईंनी तिलाही शुक्रवारचं आमंत्रण दिलं. अम्माजी म्हणाली, “म्हारे खातर उड़ै के सै?” आमच्यासाठी तिथे काय आहे? ताई हसल्या, पण ते वाक्य त्यांना लागलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, “नसरीन, चालत जाण्याच्या अंतरावर एक अख्खं गाव आहे आणि त्याला वाटतं की विद्यापीठ त्याचं नाही. मग मी कागद चिकटवते ते कुणासाठी?”

तो काळच असा होता की असे प्रश्न विचारणं खुळेपणाचं ठरावं. बाजार नुकता खुला झाला होता. गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांतल्या कंपन्यांना प्रशिक्षणासाठी सभागृहं भाड्याने हवी होती. विद्यापीठाने एक समिती नेमली. समितीचं म्हणणं सरळ होतं : शुक्रवारी हॉलमध्ये येतं कोण? निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या. त्यापेक्षा हॉल भाड्याने द्यावा, दोन पैसे तरी मिळतील. आणि खुर्च्या खरोखरच रिकाम्या असत. अखेरीस ठरलं की समितीचे सदस्य एका शुक्रवारी स्वतः येऊन बसतील आणि मग निर्णय घेतील. ताईंनी त्या दिवशी मुंबईच्या एका अर्थतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता खुला बाजार. समितीला आवडेल, हा त्यांचा हिशेब.

आता ताईंची चूक सांगते. त्यांनीच मला बजावलं आहे की गौरवग्रंथात माझं नुसतं कौतुक छापलंत तर मी तो उघडणार नाही.

त्या हिवाळ्यात चादरी घ्यायला ताई पानिपतला गेल्या होत्या. तिथे रामफल नावाचे विणकर मागावर बसून रागिणी गात होते. रागिणी म्हणजे हरयाणातलं गाऊन सांगायचं कथागीत, साथीला घडा, ढोलक आणि पेटी. ताई तिथेच बसून राहिल्या, चादरी राहिल्या बाजूला. रामफलजींना रंगपंचमीला कार्यक्रमाला बोलवायचं ठरलं. इंग्रजी तारखेपेक्षा गावच्या माणसाला तिथी जवळची, अशा आपुलकीने ताईंनी सांगितलं, “फाल्गुन बदी पंचमी को आना.” रामफलजींनी मान डोलावली.

आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे असतो. आपला माघ वद्य म्हणजे त्यांचा फाल्गुन. हे दिल्लीत जन्म काढलेल्या ताईंना ठाऊक नव्हतं असं नाही, पण माहेरची तिथी जिभेवर आली की माणूस सासरचं पंचांग विसरतो.

समिती येणार होती त्या शुक्रवारी दुपारी फाटकावरून निरोप आला की पानिपतहून सहा माणसं आली आहेत, बरोबर घडा, ढोलक आणि पेटी आहे. आम्ही धावत गेलो. रामफलजी नवा फेटा बांधून उभे. “मैडमजी, आज फागण बदी पांचम सै. थमनै ए बुलाए थे.” तुम्हीच बोलावलं होतं. ताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्या मटकन फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या. सांस्कृतिक समितीचं काम बघणारे आमचे कुलकर्णी सर रडवेल्या आवाजात म्हणाले, “ताई, आज सगळे येणार आहेत. आपलं पानिपत झालं.”

“अजून झालेलं नाही. आधी त्यांना जेवायला घाला,” ताई म्हणाल्या.

त्यांचा ताण हलका करावा म्हणून मी म्हटलं, “ताई, आमच्या घरच्या कॅलेंडरने तर आज महिनाच तिसरा आहे.” ताई म्हणाल्या, “नसरीन, तुझं कॅलेंडर आज काढू नकोस.” आणि मग त्या हसायला लागल्या. हॉल जाणार की राहणार याचा निकाल काही तासांवर आलेला, आणि या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. पाहुण्यांना परत पाठवू या, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावू, असं कुलकर्णी सरांनी सुचवलं. ताईंनी साफ नाही म्हटलं. “माग बंद ठेवून आलेत. चूक माझी आहे, ती त्यांनी का भरायची? पाहुणा आधी आला तर कार्यक्रम आधी करायचा.”

आयत्या वेळी अतिथिगृहात सोय होईना, म्हणून मंडळींना मी मुनिरकात माझ्या खोलीवर नेलं. म्हणजे खरं तर गच्चीवर, कारण खोलीत सहा माणसं मावली असती, पण ढोलक मावला नसता. जेवणं झाल्यावर रामफलजींनी आवाज लावून पाहिला. तेवढ्यात जिन्यावर अम्माजीची पावलं वाजली. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. अम्माजी वर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि हळूहळू तिचे हात खाली आले. ती खाटेवर बसली. “यो तो म्हारे पीहर का गाणा सै,” ती म्हणाली. हे तर माझ्या माहेरचं गाणं. मग तिने शेजारच्या गच्चीवरच्या बाईला हाक मारली, त्या बाईने पलीकडच्या. मुनिरकाच्या गच्च्या एकमेकींना खेटून असल्यामुळे बातमीला जिना उतरावा लागत नाही.

ताई काकांच्या पोह्यांचा डबा घेऊन आल्या तेव्हा गच्ची भरली होती. त्यांनी अम्माजीला पुन्हा विचारलं, “शाम को आओगी?” अम्माजीने पुन्हा तेच विचारलं, आमच्यासाठी तिथे काय आहे, पण जरा मऊ आवाजात. ताई तिच्याशेजारी खाटेवर बसल्या. “आज ये लोग हैं. और जिस दिन ये नहीं होंगे, उस दिन मैं तो हूँ.”

सहाला पाच मिनिटं कमी असताना सभागृहात आम्ही विद्यार्थी, समितीचे सदस्य आणि पाहुणे अर्थतज्ज्ञ एवढेच होतो. ताई दाराकडे बघत नव्हत्या, पण त्यांचा हात पुन्हा पुन्हा पदर नीट करत होता. आणि मग गाव आलं. पुढे अम्माजी, मागे बायका, त्यांच्यामागे पगड्या बांधलेले म्हातारे, कडेवर पोरं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक पायऱ्यांवर बसले. ताईंनी व्यासपीठावर जाऊन आपली चूक दोन वाक्यांत सांगितली. “हम दोनों का महीना अलग है, इसलिए मेहमान जल्दी आ गए.” सभागृह खदखदून हसलं.

पुढची युक्ती पूर्णपणे ताईंची. त्यांनी रामफलजींना सांगून ठेवलं होतं की गोष्ट अर्ध्यावर थांबवा. नायक विहिरीत उतरला, वर दोर कापला गेला, आणि रामफलजींनी पेटी मिटली. ताई उठून म्हणाल्या, “बाकी व्याख्यान के बाद.” एक माणूस जागचा हलला नाही. अर्थतज्ज्ञही मोठे रसिक. समोरची गर्दी पाहून त्यांनी इंग्रजी टिपणं खिशात घातली आणि सरळ हिंदीत, घरगुती उदाहरणं देत बोलले. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाले, तर अम्माजीचे यजमान उभे राहिले. “जी, और तो सारी बात ठीक सै. किराया बढ़ैगा के?” भाडं वाढेल का? साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, “बढ़ेगा.” पुढच्या महिन्यात आमचं भाडं वाढलं. त्या व्याख्यानाचा आम्हा विद्यार्थ्यांवर झालेला हा एकमेव आर्थिक परिणाम.

मग नायक विहिरीतून वर आला, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि समितीच्या अध्यक्षांना पायाने ठेका धरताना कुलकर्णी सरांनी पाहिलं. जाताना अध्यक्ष ताईंना म्हणाले, “मॅडम, हॉलचा विषय आता बैठकीत काढायला नको.” शुक्रवार वाचला होता. ताईंनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. अम्माजी गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे येत होती. जवळ येऊन तिने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “इब अगला कद सै?” आता पुढचा कधी? हॉल वाचला तेव्हा कोरडे राहिलेले ताईंचे डोळे तेव्हा भरून आले. मी शेजारीच उभी होते, माझेही भरले.

ठरलं ते झालंच पाहिजे, हा ताईंचा दंडक. त्यामुळे महिन्याभराने आपल्या रंगपंचमीला रामफलजी पुन्हा आले. त्यानंतर कित्येक वर्षं ते दोन्ही पंचांगांप्रमाणे येत राहिले.

निवृत्तीनंतर ताई आणि काका गुडगावच्या एका उंच इमारतीत राहायला गेले. आता माझी नोकरीही तिकडेच आहे. तिथली पुण्या-मुंबईकडची तरुण मंडळी रात्री घरी येतात, सकाळी जातात. शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. ताई तिथे राहायला गेल्या त्याच महिन्यात लिफ्टमध्ये कागद लागला : ‘येता पंधरवडा’. आता तो संगणकावर छापला जातो, पण चिकटवायला खळच लागते. मागच्या शुक्रवारी तळमजल्यावरच्या खोलीत एका बँकवाल्या मुलाने बासरी वाजवली. आठ माणसं होती. ताई म्हणाल्या, “विद्यापीठात सुरुवातीला याहून कमी होती.”

ताई, तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या झालात. तुमची जन्मतिथी वद्य पक्षातली, त्यामुळे रामफलजी त्यांच्या पंचांगाने तुम्हाला महिनाभर आधीच आशीर्वाद देऊन गेले, असं काकांकडून कळलं. आता माझं कॅलेंडर काढायला हरकत नसावी. आमची हिजरी वर्षं लहान असतात. त्या मोजणीने तुम्ही सत्त्याहत्तरी केव्हाच ओलांडलीत आणि शंभरीही लवकर गाठाल. ती गाठाच. मग आपल्या पंचांगाने सावकाश दुसऱ्यांदा गाठा, ठणठणीत तब्येतीने, काकांच्या पोह्यांसकट.

अम्माजी आता फार थकल्या आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. हा लेख लिहिताना मी त्यांना भेटायला गेले आणि विचारलं, ताईंना काय निरोप देऊ? त्यांनी तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग ओळख पटली, आणि त्या खाटेवर सरळ बसल्या. निरोप त्यांचा आहे, पण आम्हा सगळ्यांच्या वतीने मी तो जसाच्या तसा पोचवते : “उस तै पूछिए, इब अगला कद सै?”