तळावर मी आधीच येऊन गेले होते

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील नगरला मिशनच्या शाळेत मास्तर. कुणी मुंजाची, हडळीची गोष्ट काढली की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे, आणि सांगणारा आपोआप गप्प व्हायचा. मीही त्यांचीच मुलगी. त्यामुळे हे भुताचं आहे असं मी म्हणणार नाही... पण मग कशाचं आहे, हे पन्नास वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही.

जानेवारी १९७२. मुंबईचं चित्रकलेचं शिक्षण संपवून मी आदल्या उन्हाळ्यात घरी परतले होते. येताना न्यूजरीलचं काम करणाऱ्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड मूव्ही कॅमेरा घेतला — चावी देऊन चालवायचा, आवाज न घेणारा. डोक्यात एकच खूळ होतं. पोटासाठी गाव सोडून फिरणाऱ्या लोकांचे सण, नाच, लग्नं फिल्मवर घ्यायची. सुरुवात ऊसतोडीच्या लोकांपासून करायचं ठरलं. पाथर्डीकडची ही माणसं दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून कारखान्यांवर येतात आणि ऊस संपेपर्यंत पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्यांमध्ये, राहतात.

माझा थोरला भाऊ, वसंतदादा, तेव्हा कोपरगावात नोकरीला होता. एका रविवारी चर्च आटोपल्यावर तो मला स्कूटरवरून जवळच्या एका ऊसतोडीच्या तळावर घेऊन गेला. मी त्या भागात पहिल्यांदाच येत होते. हे नीट लक्षात ठेवा. पहिल्यांदाच.

भर दुपार. एक बाई कोपीसमोर उसाच्या वाढ्यांच्या, हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि हातातली पेंढी टाकून उठलीच.

"आली का बेबीबाई! आता आली व्हय गं? आत्याबाई वाट बघून बघून गेली की!"

माझं नाव सुमन. बेबी मला फक्त घरात म्हणतात. मी दादाकडे पाहिलं. त्याला वाटलं, येणार म्हणून मीच कुणाला तरी सांगून ठेवलंय. तो माझ्याकडे बघून हसला.

"मावशी, मी तुम्हाला ओळखत नाही," मी म्हणाले.

"कौसाला वळखंना व्हय?" तीही हसली. तिला ती चेष्टा वाटली. "बरं, शिनिमा कुटंय? आत्याबाईचा?"

हळूहळू उलगडा झाला, म्हणजे गुंता झाला म्हणा. कौसाबाईचं म्हणणं, गेल्या हंगामात मी याच तळावर येऊन राहिले होते. तिच्या सासूचा, म्हणजे आत्याबाईचा, सिनेमा काढला होता. म्हातारी फेर धरून नाचली, कौसाबाईच्या लेकीला तिने न्हाऊ घातलं, सगळं मी त्या पेटीत घेतलं होतं. जाताना म्हणाले होते, पुढच्या खेपेला पडद्यावर दाखवीन. म्हातारी भादव्यात वारली. तिचा साधा फोटोही कुणाकडे नव्हता.

मी सांगून पाहिलं, की गेल्या हिवाळ्यात मी मुंबईत होस्टेलवर होते, परीक्षेमुळे नाताळलाही घरी आले नव्हते. कॅमेराही तेव्हा माझ्याकडे नव्हता. एव्हाना आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. "ह्याच बाई हुत्या," असं जी ती म्हणत होती. एकीने तर माझी नक्कल करून दाखवली — दोन्ही हातांच्या बोटांची चौकट डोळ्यासमोर धरून, एक डोळा बारीक करून. ही सवय मला कॉलेजात लागली होती, अजून आहे.

दादा मध्ये पडला. "अहो, दुसरी कुणी असेल. शहरातल्या मुली तुम्हाला सारख्याच दिसणार."

"दुसरी?" कौसाबाई चिडली. "म्या हिची येनी घातली हुती, दादा. डाव्या कानामागं काळा डाग हाय, जवारीच्या दान्यावानी. बघा न्हाई तर!"

मला असला कुठलाही डाग माहीत नव्हता. आपल्या कानामागचं आपण कधी पाहतो? दादाने केस बाजूला केले... आणि त्याचा हात तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

इतक्यात कौसाबाईचा नवरा दगडू गाडी खाली करून आला. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. "बाई, शिनिमा द्यायचा नसंल तर नगा दिऊ. पन आलेच न्हवते आसं म्हनू नगा. माझी माय मरताना तुमचं नाव घेत हुती."

घरी जाताना दादा स्कूटर थांबवून म्हणाला, "बेबी, तू इथे आली होतीस आणि माझ्याकडे आली नाहीस?" त्याला भूतबीत सुचलं नाही. त्याला वाईट वाटलं होतं.

तरी मी तळावर जात राहिले. कॅमेरा चालू झाला की इतर बाया लाजत हसायच्या, कौसाबाई मात्र पाठ फिरवून बसायची. मला ते सहन होईना. शेवटी मी ड्रॉइंगचा कागद घेऊन तिच्यापाशी बसले.

"आत्याबाई कशा दिसायच्या ते सांगा, मी चित्र काढून देते."

"तुला काय सांगायचं? तू तर बघिटली हुती."

ती परत पेंढ्या बांधायला लागली. मी नुसतंच काहीतरी काढायला घेतलं. मनात कुणी नव्हतं, खरंच नव्हतं. म्हाताऱ्या बाईचा चेहरा जसा असतो तसा, डोक्यावर पदर, गालांची हाडं वर आलेली. एका कानाची पाळी मी फाटलेली काढली. का, ते माहीत नाही. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटलेला काढला.

कौसाबाईने कागद ओढून घेऊन पाहिला. मग दगडूला हाक मारली. तो आला, चित्र पाहिलं, आणि लहान मुलासारखं "आये..." म्हणाला. मग कौसाबाई माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता.

"मंग आली न्हवतीस कशी?"

त्यांचं समाधान करायला गेले आणि स्वतःच्याच हाताने खोटी ठरले. चित्र त्यांना दिलं. त्या दिवशी तिने मला भाकरी वाढली. रागावलेली नव्हती... पण माझं म्हणणं तिला पटलंही नव्हतं.

नंतर शोध घेतला नाही असं नाही. कॅमेरा विकणाऱ्या गृहस्थांना गाठलं. ते म्हणाले, पेटी कित्येक वर्षं माळ्यावरच पडून होती. मुंबईत फिल्म धुणाऱ्या ओळखीच्या लॅबमध्ये विचारलं, तिथे माझ्या नावावर माझ्याच रिळांखेरीज काही नव्हतं. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पुढच्या हंगामात प्रोजेक्टर घेऊन गेले तर तळ मोकळा. लोक दुष्काळी कामांवर गेले होते. पाथर्डीकडच्या खडी फोडण्याच्या कामांवर नावं विचारत हिंडले. ना कौसाबाई भेटली, ना दगडू.

तो चेहरा पुन्हा काढून पाहायचा मी अनेकदा प्रयत्न केला. जमत नाही. दर वेळी कुणीतरी वेगळीच बाई होते.

दादा आयुष्यभर अधूनमधून विचारायचा, "खरं सांग बेबी, आली होतीस ना?" मी दर वेळी नाही म्हणायचे, आणि दर वेळी त्याचा चेहरा पडायचा. गेल्या वर्षी जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्याने परत विचारलं. का कोण जाणे, मी म्हणाले, "हो दादा, आले होते."

"वाटलंच मला," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा हसला.

मी त्याच्या समाधानासाठी म्हणाले, असं मला वाटत होतं. पण शब्द तोंडातून बाहेर पडताना ते खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नाही. यातलं काहीच मला कळत नाही.