काय, जू?

आता हे ऐकून तुम्ही हसणार, आणि माझी बायको मधे मधे दुरुस्त्या करणार. तरी सांगतो, कारण माझ्याइतका गाढव नवरामुलगा आमच्या बडोद्यात दुसरा झालेला नाही.

गोष्ट व्हीसीआरच्या दिवसांतली. मी अठ्ठावीस वर्षांचा, रावपुऱ्यात राहणारा, विम्याच्या कचेरीत चिकटलेला. व्यसन एकच, जपानी राक्षसांचे पिक्चर! समुद्रातून टावरएवढा राक्षस येतो, पुठ्ठ्याच्या इमारती तुडवतो. मग एक साधासुधा माणूस चमकतो, राक्षसाएवढा होतो, आणि दोघांची कुस्ती लागते. राक्षसाच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसते हो. आत कुणीतरी घामाघूम झालाय हेही कळतं. तरी तो कोसळला की मी खिशातून रुमाल काढायचो. कचेरीत शिपाईसुद्धा माझं ऐकत नसे. साधा माणूस एकदम इमारतीएवढा होतो, हे मला दर रविवारी नव्याने बघावंसं वाटायचं. मुलगी बघायला गेलो की मात्र मी नाट्यसंगीताची आवड सांगायचो.

तर आईबाबांबरोबर कारेलीबागेत मृदुलाला बघायला गेलो. ती मला दारातच आवडली. मोठ्यांनी "जरा बोला दोघं" म्हणून तिच्या खोलीत बसवलं, तोवर हिला गमवायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. खोलीत काय काय होतं ते बघतोय कोण! मी तिच्याकडेच बघत होतो. ती माझ्या डोक्याच्या जरा वर बघून हसली आणि म्हणाली, "कायजू."

आता जपानी माणूस असल्या राक्षसाला कायजू म्हणतो, हे ज्ञान मला कुठून असणार? आमचा लायब्ररीवाला कॅसेटवर नुसतं 'राक्षस एक', 'राक्षस दोन' लिहायचा. आणि आम्ही बडोदेकर घरी मराठी बोलत असलो, तरी उवेला गुजरातीतलं जू म्हणतो. मी ऐकलं, "काय, जू?"

त्यात आदल्याच दिवशी डभोईची भाची आठवडाभर राहून परत गेली होती. तिच्या डोक्यात बहीण रोज फणी घेऊन बसायची. माझं डोकं तत्क्षणी खाजायला लागलं.

"कुठंय?" मी हळूच विचारलं.

"तुमच्या डोक्यामागे. एक नाही, तीन आहेत."

माझ्या मागच्या कपाटावर रबराचे तीन राक्षस उभे होते. मान वळवली असती तर दिसले असते. पण हललो तर एखादी जू खाली पडेल, म्हणून मी ताठ बसलो.

"लाजता काय? तुमच्या आईंनी सांगितलंय. रविवारी दिवसभर तुमचं तेच चालतं म्हणे."

आईने सांगितलं? लग्नाच्या बोलणीत? मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मला काही वांधा नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर दोघं मिळून बघू."

केवढं मोठं मन या मुलीचं! तिच्यासाठी आपण एवढं तरी केलंच पाहिजे, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी चंदुभाईंच्या दुकानात गेलो आणि सगळे केस काढायला सांगितलं.

चंदुभाईंचा हात थांबला. "बापुजी?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मला वाटलं, बाबांची चौकशी करतायत. म्हटलं, "घरे ज छे."

अजून घरीच आहेत म्हटल्यावर चंदुभाईंनी घाई केली. मी सावध होईपर्यंत माझी मिशीही गेली होती. "बहु सारा माणस हता," फार चांगले होते बाबा, असं ते डोळे पुसत म्हणाले, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. पण मिशी काही परत चिकटवता येत नव्हती.

घरी पोचतो तोच दारात रिक्षा थांबली. मृदुला आणि तिचे आईवडील होकार द्यायला आले होते. माझं डोकं पाहून तिच्या वडिलांनी पेढ्यांचा पुडा पाठीमागे घेतला.

"कधी?" त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो. मी हजामतीबद्दल सांगत होतो.

तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. काल तर त्यांनी आमच्याकडे तीनदा पोहे मागून घेतले हो, असं त्या म्हणतायत तोच आतून बनियनवर बाबा आले. पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मी आहे ना अजून?"

मग काय, सगळ्यांदेखत कबुली द्यावी लागली. मृदुलाला माझ्या डोक्यात जू दिसल्या, म्हणून हे केलं. माझ्या आईने कपाळाला हात लावला. मृदुलाला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग तिने कायजू म्हणजे काय आणि कपाटावर काय होतं ते सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणीच हसलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. तिचे वडील पुडा घेऊन तसेच उभे होते. असल्या माणसाला मुलगी द्यायची का, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं. लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो.

मृदुला मात्र माझ्याकडे बघत होती. चकचकीत डोकं, मिशी गायब, डोळे बाहेर आलेले. बराच वेळ तिने मला निरखलं.

"बाबा, पेढे द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे तीन आहेत, पण त्यात असा एकही नाही."