निवटीला चालताना मी पाहिलेलंच नाही

सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे सांगून टाकतो.

मी वसईत विज्ञान शिकवतो. आज बाजारात पाचूबंदरच्या एका मावशींच्या टोपलीत जिवंत निवट्या दिसल्या. हा मासा चिखलात चक्क परांवर चालतो.

"देवानंच हिला अशी बनवली," मावशी म्हणाल्या.

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. उत्क्रांतीवर भाषण ठोकलं. वर चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "देवाने बनवताना तुम्ही बघितलं का? पुरावा लागतो, मावशी."

लोक हसले. मीही हसलो.

"नाय बघितलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन ही गालात पानी धरून कशी चालते, बीळ कुठं करते, ते लहानपनापासून बघतेय. तू कुठं बघितली?"

चित्रात. पंधरा वर्षं पुस्तकातलं चित्रच दाखवतोय. खाडी घरापासून वीस मिनिटांवर आहे.

"उद्या ओहोटीला ये, दाखवते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी पुटपुटलो, "उद्या जमणार नाही, दहावीचा तास आहे."

धडा उत्क्रांतीचाच आहे. उत्क्रांती मला आजही तितकीच पटते. पण उद्या मुलांना कुठल्या तोंडाने सांगू, "स्वतः निरीक्षण करा"?