सुया उकळायचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चाकूरजवळच्या आमच्या गावात दर मंगळवारी नर्सबाई यायच्या आणि सरपंचांच्या ओसरीवर बसायच्या. आम्ही बौद्ध. आमच्या बायकांनी ती ओसरी चढायची नाही, असा रिवाज. बाकीच्यांचं आटोपलं की नर्सबाई पायरी उतरून यायच्या आणि अंगणात उन्हात उभ्या बाईला सुई टोचायच्या. चुलतीचं लेकरू धनुर्वातानं गेलेलं, म्हणून अक्काही एकदा तशी उभी राहिली. घेरी येऊन खाली बसली.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी मायनं सांगून टाकलं, सुई घ्यायची, पण तिथं उभं राहून न्हाई.

त्या दिवसांत सगळ्या गावच्या बायका रोजगार हमीच्या तलावावर माती उचलायच्या. मायनं विषय तिथं काढला. शेतकरी घरातली एक काकू म्हणाली, तिची सूनही पोटुशी आहे. पण सरपंच तिचे भाऊबंद, आणि बांधाच्या भांडणापासून त्यांच्या दारात तिच्या घरचं कुणी पाय ठेवत नाही. माय हसली.

"म्हंजे आमी जातीनं भाईर, तुमी भांडनानं."

मी नुकताच बी.ए. झालो होतो. जिल्ह्याचं ऑफिस आधी उस्मानाबादला होतं, आता एका एसटीवर आलं होतं. बायकांसोबत मीही गेलो. आरोग्य खात्याचे साहेब सौम्य होते. म्हणाले, उपकेंद्राची इमारत होईल, धीर धरा. मी मान डोलावली. माय अक्काकडे बोट करून म्हणाली, "इमारत मागून द्या, साहेब. हिला आठवा लागलाय. नर्सबाईला साळंत बसवा."

साहेबांनी तसा हुकूम काढला. त्याच शाळेनं मला अक्षरं दिली; तिचे उपकार मी आजही मानतो.

पुढच्या मंगळवारी नर्सबाई शाळेत आल्या, पण सुया उकळायला पाणी नव्हतं. आजवर ते सरपंचांच्या विहिरीचं यायचं. आता त्यांचा निरोप आला, जिथं बसलात तिथलंच घ्या. शाळेचा हौद कोरडा. नर्सबाई पिशवी आवरू लागल्या.

माय वस्तीत गेली आणि टँकरच्या पाण्यातली आमच्या वाट्याची कळशी घेऊन आली. तीन दगड मांडून तिनं जाळ केला. जमलेल्या इतर जातींच्या बायका कळशीकडे बघू लागल्या. आमच्या घरचं पाणी त्यांच्यातलं कुणी पीत नसे, आणि सुई त्याच पाण्यातून निघणार होती.

अक्कानं पहिली बाही सारली. तशा दोघी-तिघी उठून चालत्या झाल्या. काकूची सून मागं सरली. म्हणाली, आत्याबाई, घरी काय म्हणतील?

"म्हनू दे," काकू म्हणाली. "बाळंतीन तू व्हनार हायस, ते न्हाईत."

सुनेनं दंड पुढे केला. निघून गेलेल्यांपैकी एक परत येऊन रांगेत बसली. बाकीच्या आल्या नाहीत. माय दुपारपर्यंत जाळात काटक्या घालत राहिली.