दादा, लिव्होर्नोचं काय?

वुडलँड्सला गाडी बदलत होते तेव्हा वहिनींचा फोन आला. दादा गेला. आंघोळीला म्हणून आत गेला तो बाहेरच आला नाही... मी त्या वेळी त्याच्याच घरी निघाले होते, मरीन परेडहून सेम्बावांगला, सिंगापूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या वाटेवर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. त्यानेच बोलावलं होतं. "रविवारी जेवायला ये, तुझ्या लिव्होर्नोचं उत्तर देतो," असा आदल्या संध्याकाळचा त्याचा निरोप फोनवर होता. आता महिना उलटून गेला. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, मीही पुसते. पण आत पाहिलं तर दुःखाच्या आधी राग येतो. वाद अर्धवट टाकून उठायची त्याची रीत नव्हती.

आनंददादा माझा मोठा चुलतभाऊ. जहाजावर इंजिनिअर म्हणून जग फिरला आणि मग सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या कामात स्थिरावला. मी पुण्याहून इथल्या बँकेत नोकरीला आले तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच आला होता, आणि बॅग कोणी उचलायची यावरून आम्ही तिथेच भांडलो होतो. आज ऑफिसात माझा शब्द सहसा कोणी खोडत नाही. घरी नवरा शहाणा आहे, तो गप्प बसतो. "तुला काय कळतंय गं त्यातलं?" असं तोंडावर म्हणणारा या देशात दादा एकटाच होता. त्याच्यासमोर मी पन्नाशीतही धाकटीच असायचे.

गेल्या वर्षी माझी मुलगी सई एका सत्रासाठी इटलीत शिकायला गेली आणि आमच्या घरात 'फिरेंत्से' शिरलं. ती आपल्या शहराचं नाव तिथल्या लोकांसारखं तसं म्हणायची, म्हणून मीही. त्यातला 'त्स' म्हणजे आपला चाकातला च. इंग्रजाची जीभ तिथे अडखळते, आपली नाही, याचा मला कोण अभिमान! एकदा दादाकडे त्याचे शेजारी, एक चिनी आजोबा, गप्पांना आले होते. त्यांना मी इंग्रजीत सांगितलं, मुलगी फिरेंत्सेला आहे. आजोबांना काही बोध होईना. दादाने आमटी भुरकत तिथूनच, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून, सांगितलं, "फ्लॉरेन्स, लाह." आजोबांचा चेहरा उजळला, "ओह, फ्लॉरेन्स!" आणि दादा माझ्याकडे पाहून असा हसला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिथून जी जुंपली ती संपलीच नाही. त्याचं म्हणणं, इंग्रजी बोलायचं तर इंग्रजीच बोलावं. "जर्मनीला तू डॉइचलँड म्हणतेस का? हे आजोबा घरात सिंगापूरला शिन-च्या-पो म्हणतात. सिंगापूर रुसलंय?" मी विचारलं, मग कोणी बॉम्बे म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी का पडते? "ते वेगळं. तिथल्या लोकांनी मागून घेतलं. फ्लॉरेन्सवाल्यांनी तुझ्याकडे अर्ज केलाय?" बरं, हा माणूस जहाजाने इटलीची बंदरं तेवढी हिंडलेला. फ्लॉरेन्स त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं! पण प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ. मी घरी येऊन भांडी आपटायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा शोधायला बसायचे.

अखेर एक सापडला. लिव्होर्नो हे इटलीतलं बंदर. इंग्रज त्याला पूर्वी लेगहॉर्न म्हणत. आपल्याकडच्या पोल्ट्रीतल्या पांढऱ्या कोंबड्यांचं नाव तिथूनच आलं. आज इंग्रजही लिव्होर्नोच म्हणतात. मग ते सुटलं तर फ्लॉरेन्स का सुटू नये? त्या शनिवारी मी हे त्याला रेकॉर्ड करून पाठवलं, आणि त्याचा तो निरोप आला. काय होतं त्याचं उत्तर? वहिनींना विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "रात्री जेवताना मात्र स्वतःशीच हसत होते," एवढंच म्हणाल्या. याने मी आणखीच चिडले.

गेल्या रविवारी आम्ही वहिनींकडे जेवायला गेलो. ते आजोबाही आले होते. सई परत आली आहे. ती त्यांना इंग्रजीत फोटो दाखवत होती, दिस इज फिरेंत्से, दॅट इज फिरेंत्से... आणि मी एकदम तिच्यावर घसरले. इंग्रजीत बोलतेस ना, मग फ्लॉरेन्स म्हण! सईने मान वर केली. "बट आई, लेगहॉर्न हाऊ? तूच तर म्हणालीस, ते सुटलं तर हेही सुटेल!"

"लेगहॉर्न लोकांच्या तोंडून आपसूक गळलं," मी म्हणाले. "जेवायला बसलेल्यांना कोणी दटावलं म्हणून नाही!"

वहिनींचा वाढता हात थांबला. हेच होतं दादाचं उत्तर, दुसरं असूच शकत नाही. आणि त्यावरचा माझा मुद्दाही त्याच क्षणी तयार होता. अरे, कोणीतरी पहिल्यांदा वेगळं म्हटल्याशिवाय जुनं गळेल कसं? मी वाट पाहिली, आता कोणीतरी तो मांडेल. आजोबा हसून मान हलवत होते. नवरा आमटी वाढून घेत होता.

"ओके लाह, आई, यू विन," सई म्हणाली आणि भात कालवायला लागली.

इतक्यात संपलं? घास माझ्या हातातच राहिला... दादा, निदान मला हरवायला तरी थांबायचं होतंस रे.