कोऱ्या प्रतिज्ञा

सुलतान बाजारामागच्या मराठी शाळेतल्या त्या बाई संगणकाला ओरखडा पडू नये म्हणून आधी हातातलं घड्याळ काढून ठेवत. माउस मात्र प्रत्येक पोराच्या हातात देत. ‘हौ’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, नकाराचंसुद्धा.

पृथ्वी तापते आहे, हे शिकवणारी सीडी आमच्या संघटनेची आणि संगणक एका कंपनीचा. कंपनीची अट होती, मुलांनी प्रतिज्ञेवर सह्या करायच्या: ‘मी नळ उघडा ठेवणार नाही. एसी गरजेपुरताच लावीन.’

बाईंनी प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा कोराच मला परत दिला.

“हौ भैया, प्रतिज्ञा चांगली आहे. पण यांच्या गल्लीत चार दिवसांनी टँकर येतो. कुठला नळ बंद करतील? कंपनीवाल्यांच्याच सह्या घ्या की!”

“बाई, संगणक काढून नेतील.”

“हौ, नेऊ द्या. पोरांना खोटं लिहायला मी लावणार नाही.”

आठवड्यात नेला. वायरी बाईंनीच गुंडाळून दिल्या. कंपनीविरुद्ध जळजळीत पत्रक लिहायला बसलो आणि फाडून टाकलं, कारण सीडी चालायला संगणक हवाच होता.

तो आता दुसऱ्या शाळेत आहे. तिथेही टँकरच येतो. सगळ्या मुलांनी सह्या केल्या. प्रतिज्ञा मीच वाचून दाखवली.