पायदळ काहून चालले, भाऊ?

अकोल्याच्या डॉक्टरांनी बाबांना मोजे काढायला सांगितले तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. बाबांचे पाय मी कधी नीट पाहिलेच नव्हते. दुकानात ते कायम टेबलाच्या आड असायचे. डॉक्टरांनी घोट्याच्या मागे दोन बोटं टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग दुसऱ्या पायाला. "नाडी आहे," ते म्हणाले, "पण शोधावी लागते."

पोट सुटलेलं, साखर आणि बीपी दोन्ही वाढलेलं, रक्तात चरबी. या सगळ्याला मिळून एक नाव होतं, मेटाबॉलिक सिंड्रोम. ते नाव त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, कारण मी अकोल्यात मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, हे बाबांनी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांना सांगून टाकलं होतं.

"म्हणजे खाऱ्या पाण्यानं पाइपात थर बसते, तसं," बाबा म्हणाले. तेल्हाऱ्यात आमचं मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान. आमचा भाग खारपाणपट्टा. थर हा बाबांचा रोजचा विषय.

"थर नंतर बसतो. आधी भिंत आखडते. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं, जिवंत. तुम्ही भरभर चाललात, रक्त जोरात वाहिलं, की ते अस्तरच नळीला सैल करतं. नुसतं बसून राहिलात की ते आपलं काम विसरतं. मी गोळ्या देतो, पण चालण्याचं काम गोळी करत नाही. रोज चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढ्या वेगानं."

"मले तसंही गाता येत नाही," बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. मीही हसले. त्या दिवशी हे सगळं सोपं वाटलं होतं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोणाले सांगू नको. तुह्यासाठी पाहुणे येऊन राहिले. बापाच्या रक्तात बिमारी हाय म्हटलं का लोक पोरीकडे वेगळ्या नजरेनं पाहते." मी मान हलवली. न सांगणं मला अवघड नव्हतं. मी तशीही कोणाला काही सांगत नसे.

बाबा सकाळी घरापासून गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत चालायला लागले. आईनं कॅनव्हासचे बूट आणले होते, ते त्यांनी घातले नाहीत. बूट दिसले की लोक विचारणार. रोजची चप्पल, रोजचा पँट-शर्ट, जणू कामाला निघालेत. पहिल्याच दिवशी ते लवकर परत आले. दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून.

"तो म्हणे, पायदळ काहून चालले, भाऊ? बसा. म्या म्हटलं, असंच. म्हणे, असंच कसं बाप्पा, माही गाडी चालत नाही काय तुमाले?"

आमच्याकडे ओळखीच्या माणसाला पायी जाऊ देत नाहीत. थांबायचं, मागची सीट हातानं पुसायची, बसा म्हणायचं. नाही म्हटलं तर तो अपमान असतो. दुसऱ्या दिवशी बाबा उलट्या बाजूनं गेले आणि एका शिक्षकाच्या स्कूटरवरून आले. तिसऱ्या दिवशी त्यांना कोणीतरी ट्रॅक्टरवर बसवून आणलं. आई म्हणाली, "तुमच्यापेक्षा पेट्रोलच जास्त जळून राहिलं." बाबा हसत. काही दिवस घरात हा विनोदच होता.

मग मला हळूहळू दिसायला लागलं. सुट्टीत मी दुपारी दुकानात बसत असे. विहिरी आटल्या होत्या, मोटारी विकल्या जात नव्हत्या, आणि गिऱ्हाईकं नुसती बसायला येत. आजूबाजूच्या खेड्यांतून थोड्या थोड्या दिवसांनी कोणीतरी जीव दिल्याची बातमी येई. बातमीतला माणूस कोणाला ना कोणाला शेवटचा रस्त्यावर दिसलेला असे. "पायलं होतं म्या त्याले. एकटाच जाऊन राहिला होता. थांबलो नाही मी," हे वाक्य मी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. ते बोलून झालं की माणूस चहाचा कप हातात घेऊन बसून राही, पीत नसे.

म्हणून आता सगळे थांबत होते. गावाबाहेर सकाळी एकटा चालणारा, रिकाम्या दुकानाचा मालक त्यांना दिसत होता. तो 'असंच' म्हणत होता. खरं कारण बाबांना सांगता येत नव्हतं, ते माझ्यामुळे.

एका संध्याकाळी समोरच्या कापडदुकानाचे चाचा घरी आले. बाबांचे लहानपणचे दोस्त. बाबा दुकानातच होते. चाचा दारातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत.

"भाभी, याले एकटं सोडू नका. लोक सांगून राहिले, रोज विहिरीच्या अंगानं जाते म्हणून. म्या इचारलं तं हसून टाळते."

"फिराले जातात ते," आई म्हणाली.

"इतक्या सालात कधी फिराले गेला काय तो? सायकलबी चालवली नाही त्यानं कधी."

चाचा गेल्यावर आई तांदूळ निवडायला बसली. बाबा आले, हातपाय धुतले. तिनं ताटातून मान वर न करता विचारलं, "तुमी खरंच फिरालेच जाता ना?"

बाबा आधी हसले. मग त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. निवडलेले तांदूळ आणि खडे ती पुन्हा एकत्र करत होती.

दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. "बसतो मी दुकानात," म्हणाले. "लोक तरी नीट झोपतीन."

त्या हिवाळ्यात मात्र ते काही दिवस अमरावतीला माझ्याकडे आले. मी तिथे खोली घेऊन शिकत होते. युनिव्हर्सिटीकडच्या रस्त्यावर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ते हात हलवत माझ्या पुढे चालायचे, मी मागे पडायचे. कोणी थांबत नव्हतं. एकदा परत आल्यावर पायरीवर बसून त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला. "पाह्य बरं, नाडी लागते का?" दिवाळीच्या नमस्काराखेरीज मी त्या पायांना कधी हात लावला नव्हता. पाय गरम होता. घोट्याच्या मागे बोटं टेकवली आणि नाडी लगेच लागली, स्पष्ट, न शोधता.

"लागली?"

"लागली."

मग चाचांचा फोन आला. कुठेतरी थोडं पाणी लागलं होतं, लोक मोटारी विचारत होते. बडनेरा स्टेशनवर गाडीत बसताना बाबा म्हणाले, "आता तिथंबी चालीन मी. पायतोच कोण थांबवते तं." ते चालले नाहीत. मी फोनवर विचारलं की म्हणत, "उद्यापासून."

उन्हाळ्यात दुकानातल्या खुर्चीवरच त्यांच्या हातातला कप कलंडला. उजव्या हाताला तो सरळ करता येईना. चाचांनीच उचलून त्यांना अकोल्याला नेलं. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली होती. अर्धं अंग आणि बरीचशी वाचा गेली. बिमारी आता सगळ्या गावाला माहीत झाली. पाहुण्यांचा निरोप आला नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्याकडेच बघून सांगितलं, रोज चालवा.

मी त्यांना त्याच रस्त्यानं नेते. त्यांचं उजवं पाऊल मातीत रेघ ओढत येतं. मोटारसायकली मागून येतात, वेग कमी करतात, मग रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून जातात. माणूस का चालतोय हे आता सगळ्यांना माहीत आहे. इलाजात कोण मध्ये येईल? चाचासुद्धा येत नाहीत. लांबूनच मान लववतात आणि दुसरीकडे बघतात.

काल जिनिंगच्या फाटकाशी बाबांचे पाय थांबले. ते मैलाच्या दगडावर बसले, घामानं भिजलेले. परत जायची ताकद त्यांच्यात नव्हती. मागून गाडीचा आवाज आला. दूधवाला होता. बाबांनी चांगला, डावा हात वर केला, थांबवण्यासाठी.

त्यानंही हात वर केला, राम राम म्हणाला, आणि पुढे गेला.